चौकटींचा रंग

"चौकटी निळ्या कर," माई म्हणाल्या. "सगळ्या. आकाशी नव्हे हां दस्तगीर. गडद पाहिजे. शाईसारखा."

दस्तगीर रंगारी शिडीवर होता. भिंत घासता घासता तो थांबला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खाली वर्तमानपत्रावर बसले होते, मांडीवर शेडकार्ड घेऊन. त्यात मी तीन महिन्यांपूर्वीच पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या होत्या. भिंती मोतिया, चौकटी त्याहून जरा उजळ, दारं बदामी. कुठंही डोळ्याला खुपणार नाही असं.

"माई, चौकटींचा रंग ठरलाय आपला," मी म्हणाले.

"तुझा ठरलाय. मला कुणी विचारलं?"

"तुम्हालाच दाखवलं होतं कार्ड. तुम्ही 'बरंय' म्हणालात."

"म्हणाले असेन. आता नको म्हणतेय." त्यांनी समोरच्या भिंतीकडे हात केला. तिथं दस्तगीरनं नमुन्यासाठी दोन पट्टे मारले होते, एक भिंतीचा आणि एक चौकटीचा. "सगळं एकच दिसतंय ते. बेचव."

माईंच्या तोंडून रंगाला बेचव म्हटलेलं ऐकून मला काय वाटलं, ते समजायला माई कोण होत्या ते सांगायला हवं.

माई म्हणजे माझ्या सासूबाई, प्रमिला आवटी. सांगलीच्या पेठेत त्यांचं ब्लाऊजपीसचं दुकान होतं. सासरे अकाली गेले आणि त्यांनी ते एकटीनं एकतीस वर्षं चालवलं. साडीला मॅचिंग हवं असलं की गावातल्या बायका माईंकडे यायच्या. माई साडी काउंटरवर अर्धी उलगडायच्या, एकदा रस्त्याच्या उजेडात धरायच्या आणि मागं वळून कपाटातून एकच तागा ओढायच्या. तो जुळायचा. चिंतामणी म्हणावा की मोरपंखी असा घोळ पडणारा रंगसुद्धा त्यांना पहिल्या नजरेत कळायचा. माझ्या लग्नाच्या बस्त्यात सगळ्या आत्या-मावश्या राणी रंगाच्या साडीवर अडून बसल्या होत्या, तेव्हा माईंनी माझ्यासाठी सायीच्या रंगाची, बारीक डाळिंबी काठाची साडी काढली. म्हणाल्या, "भडक रंग माणसाच्या आधी खोलीत शिरतो. माणूस मागं राहतं." रंगातलं मला जे काही कळत होतं ते त्यांच्यामुळंच.

आणि हे आमचं पहिलं स्वतःचं घर होतं. विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. त्याआधी चौदा वर्षं आम्ही भाड्यानं राहिलो. एका घराच्या भिंती पोपटी, दुसऱ्याच्या गुलाबी ऑइल पेंटच्या, तिसऱ्याच्या अशा निळ्या की आपण पोहण्याच्या तलावात झोपलोय असं वाटायचं. घरमालकाचा रंग, आपण काय बोलणार? उदयला, माझ्या नवऱ्याला, त्याचं काही वाटायचं नाही. मी मात्र शाळेतून येताना बंगल्यांच्या भिंती बघत यायचे आणि मनातल्या मनात आमचं घर रंगवायचे.

त्याच वर्षी माईंनी दुकान बंद केलं. गुडघे दुखतात म्हणाल्या. दुकानावरची खोली सोडून त्या आमच्याकडे राहायला आल्या, आणि आल्या आल्या चौकटींवरून सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाथरूमचं दार शेंदरी करायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी बाल्कनीकडे जाताना जी एक पायरी होती, तिच्या कडेला हळदीसारखा पिवळा पट्टा मागितला. मग दिव्यांची बटणं. पांढऱ्या भिंतीवर पांढरी बटणं कशाला, काळी बसवा म्हणाल्या.

"माई, तुम्ही माझी चेष्टा करताय का?" मी शेवटी विचारलं.

"चेष्टा कशाची? घरात जरा रंग नको?"

"शेंदरी दार? तुमच्या दुकानात कुणी शेंदरीवर हळदी मागितला असता तर तुम्ही त्या बाईला चहा पाजून परत पाठवली असती."

त्या हसल्या नाहीत. खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "दुकान गेलं आता."

त्या दिवशी संध्याकाळी मी उदयजवळ रडले. तो म्हणाला, "करू दे गं तिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साड्यांना रंग जुळवले. आता हौस करतेय."

"आणि माझी हौस?"

भिंती माझ्या मनासारख्या झाल्या, मोतिया. पण चौकटी निळ्या झाल्या, बाथरूमचं दार शेंदरी झालं, बाल्कनीच्या पायरीला पिवळा पट्टा आला. माई त्या दिवशी घरभर फिरल्या. या खोलीतून त्या खोलीत, परत या खोलीत. प्रत्येक चौकटीजवळ जरा थांबायच्या. मला वाटलं, जिंकल्यासारख्या फिरताहेत.

गुरुवारी माझ्या शाळेतल्या चव्हाण बाई घर बघायला आल्या. हॉलमध्ये उभ्या राहून त्यांनी चारी बाजूंना बघितलं आणि हसत म्हणाल्या, "काय हो आवटी बाई, बालवाडी काढताय की काय?"

मी पण हसले. त्या गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन भांडी इतकी आदळली की माई उठून आल्या. "काय झालं?" विचारलं. मी काही सांगितलं नाही. तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं.

माईंची बहीण मिरजेला असायची. पंधरा दिवसांतून एकदा माई तिच्याकडे मुक्कामाला जायच्या. त्या शनिवारी सकाळी भाचा त्यांना रिक्षातून घेऊन गेला. उदय कामासाठी कोल्हापूरला. दस्तगीर बाल्कनीची जाळी रंगवायला आला, तेव्हा मी त्याला आत बोलावलं.

"चौकटींना पांढरा प्रायमर मार. त्यावर हा रंग," मी शेडकार्डावर बोट ठेवलं. "उद्या दुपारपर्यंत झालं पाहिजे. बाथरूमचं दारपण. आणि तो पिवळा पट्टा काढून टाक."

दस्तगीर पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं कार्ड घेतलं नाही. "माईंना विचारलंय?"

"घर माझं आहे, दस्तगीरभाई."

"घर तुमचंच हाय, ताई. पण एवढा गडद झाकायला तीन हात लागतील. आणि माईंनी तो रंग काढताना माझ्यासमोर अर्धा तास घालवलाय. मी मारायचो, त्या लांब जाऊन बघायच्या. अजून गडद, अजून गडद म्हणायच्या. हौसेनं करणारं माणूस असं करत न्हाई."

"मग कसं करतं?"

त्यानं खांदे उडवले. "ते मला कळलं न्हाई. कळलं न्हाई म्हणून तर विचारतोय."

मी ऐकलं नाही. त्यानं रंगवलं. रविवारी दुपारी दोनपर्यंत सगळ्या चौकटी मोतिया रंगाच्या झाल्या. ऊन पश्चिमेच्या खिडकीतून आत आलं, भिंतीवरून चौकटीवर, चौकटीवरून दारावर सरकलं, आणि कुठं अडखळलं नाही. चौदा वर्षं मी मनात बघितलेलं घर ते. मी सगळी दारं उघडी ठेवली, पंखे लावले आणि खुर्चीत बसून नुसती बघत राहिले. माई आल्या की काय म्हणतील याची मनात तयारी केली. त्या चिडतील. मी सांगेन, की मीही माणूस आहे, मलाही आवड आहे, आणि ती तुम्हीच लावलीत.

चारला बेल वाजली. मी दार उघडलं. भाचा खालूनच गेला होता. माई कठड्याला धरून वर आल्या होत्या, जरा धापा टाकत. हातात कापडी पिशवी.

"आले गं," म्हणत त्या आत आल्या. रंगाचा वास त्यांना आलाच असणार, पण घरात आठवडाभर तोच वास होता. चपला काढल्या आणि सरळ हॉल ओलांडून आपल्या खोलीकडे निघाल्या.

मी वाट बघत होते.

त्या भिंतीपाशी जाऊन थांबल्या. खोलीचं दार त्यांच्या उजव्या हाताला, दोन हातांवर होतं. सताड उघडं. त्या मात्र भिंतीला तोंड करून उभ्या राहिल्या. एक हात वर झाला, भिंतीला लागला. मग तो हात डावीकडे सरकला. मग उजवीकडे. बोटं चौकटीच्या ओल्या रंगात गेली तशी त्यांनी झटकन मागं घेतली.

"वृंदा," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "दार कुठं गेलं?"

मला क्षणभर वाटलं, टोमणा मारताहेत. मी ठरवलेलं वाक्य तोंडाशी आलंसुद्धा. पण त्यांनी मान वळवली आणि मला शोधलं. मी त्यांच्या समोर, पाच पावलांवर उभी होते. त्यांची नजर माझ्यावर आली नाही. माझ्या खांद्याच्या बाजूला कुठंतरी थांबली.

"माई, मी इथं आहे," मी म्हणाले. माझं बोलणं ऐकल्यावर मगच त्यांची नजर माझ्याकडे वळली.

मी पुढं जाऊन त्यांचा हात धरला. बोटांना मोतिया रंग लागला होता. त्या तिथंच, भिंतीला टेकून खाली बसल्या. मीही बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून एक फाईल काढून माझ्या मांडीवर ठेवली. मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचे कागद होते, दोन वर्षांचे. बहिणीकडे मुक्काम खरा होता, पण त्याआधी दवाखाना असायचा.

"डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे म्हणे," माई म्हणाल्या. "मधलं पुसल्यासारखं होतं. कडेकडेनं दिसतं. माणसाचा चेहरा बघायला गेलं की चेहराच नसतो, कान दिसतात." त्या जरा हसल्यासारखं करून थांबल्या. "पांढऱ्यावर पांढरं असलं की काहीच नाही. धुकं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. पण घरात रंग ठळक ठेवा, दार वेगळं, भिंत वेगळी, पायरीची कड वेगळी. म्हणजे तुमचं तुम्हाला फिरता येईल."

"मग सांगायचं ना, माई! एका शब्दानं सांगायचं!"

"काय सांगू?" त्या पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलल्या. "एकतीस वर्षं बायकांनी डोळे झाकून विश्वास ठेवला माझ्यावर. फाल्गुनात एका मुलीच्या लग्नाचं मॅचिंग दिलं. साडी चॉकलेटी होती. मी आमसुली पीस दिला. तिची आई परत आली. मी म्हटलं, ट्यूबलाईटच्या उजेडात तसं दिसतं. खोटं बोलले. पंधरा दिवसांत आणखी दोघी आल्या. तिसरी गेली तसं मी शटर ओढलं आणि परत उघडलं नाही. गुडघे म्हणे! गुडघ्यांना काय झालंय माझ्या?"

मी फाईल मिटून बाजूला ठेवली.

"उदयला सांगितलं असतं तर त्यानं मला एका खोलीत बसवलं असतं. ऊठ नको, गॅसजवळ जाऊ नको, हात धरल्याशिवाय चालू नको. जुन्या खोलीत डोळे मिटूनसुद्धा वावरत होते मी. इथं नवीन सगळं. वाटलं, रंगाचं निमित्त करावं. तू चिडशील, चिडू दे. म्हातारी बिघडलीय म्हणशील. आंधळी झालीय यापेक्षा ते बरं."

मला त्यांना सांगायचं होतं की मी त्या दोन दिवसांत काय काय मनात बोलले. तोंडातून एवढंच आलं, "माई, मी तुमचं दार झाकून टाकलं."

"तुला काय माहीत?" त्या म्हणाल्या आणि रंग लागलेला हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. नंतर दोन दिवस माझ्या केसांत मोतिया रंग होता.

उदयला सांगायचं नाही, असा त्यांनी हट्ट धरला. मी ऐकलं नाही. संध्याकाळी तो आल्यावर मीच सांगितलं, त्यांच्यासमोर. तो आईजवळ जाऊन बसला आणि बराच वेळ तिच्या पायांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई, तुला चहा करू?" माई म्हणाल्या, "मी करते. तू साखर जास्त घालतोस." त्या उठल्या, आणि आम्ही दोघं जागचे हललो नाही. सोपं नव्हतं ते. कप ओट्यावर ठेवल्याचा आवाज येईपर्यंत उदयनं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

सोमवारी मी रजा टाकली. दस्तगीर आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं एकदा माईंकडे बघितलं. "मला म्हणायचं न्हाई का माई. मी बरोबर दिसेल असाच मारला असता," एवढंच म्हणाला. मग आम्ही तिघांनी कामाला सुरुवात केली. दस्तगीरनं पुठ्ठ्याचे तुकडे कापले, प्रत्येकावर वेगळा रंग मारला. मी ते एकेक करून भिंतीवर धरायचे. माई हॉलच्या दुसऱ्या टोकाला, मान जरा तिरपी करून उभ्या.

"हा?"

"काहीतरी आहे तिथं. नाही, पुढचा."

"हा?"

"हा दिसतो. पण कड विरघळतेय."

"आणि हा?"

"हा! हा कुठला?"

"तुमचाच. शाईचा निळा."

निळा परत आला. या वेळी मी त्याच्याकडे नीट बघितलं. मोतिया भिंतीवर तो खरोखर सुरेख दिसत होता. आधी मी तो रागानं बघितला होता, म्हणून दिसला नव्हता.

बाथरूमच्या दाराशी आलो तेव्हा मी मुकाट्यानं शेंदरी पुठ्ठा उचलला. माईंनी तोंड वाकडं केलं.

"दिसत नाही का?" मी विचारलं.

"दिसतो की. पण बघवत नाही."

"म्हणजे? तुम्हीच निवडला होतात!"

"दिसला म्हणून घेतला. आवडायला थोडाच पाहिजे? घाईघाईत, तुमच्या कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून एकदाच बघून सांगितला. तो रंग काय दाराला लावायचा असतो?"

दस्तगीर शिडीवरून इतका हसला की शिडी हलली. मीही हसले, आणि मग थांबताच येईना. तासाभरानं आम्ही डाळिंबीवर येऊन थांबलो. त्यातसुद्धा माईंनी दोनदा काळा थेंब टाकायला लावला. लांब गेल्या, जवळ आल्या, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं आणि म्हणाल्या, "हां. आता दिसतोही आणि शोभतोही." मला माझ्या भिंती आवडत होत्या म्हणून त्यांनी त्या तशाच ठेवायला सांगितल्या. काळ्या बटणांना मी नाही म्हटलं, तर त्यांनी प्रत्येक बटणाभोवती निळी चौकट काढून घेतली. ती त्यांची युक्ती होती. चव्हाण बाई नंतर आल्या, तेव्हा त्यांना ती इतकी आवडली की त्यांनी स्वतःच्या घरी करून घेतली.

माई त्या घरात अकरा वर्षं राहिल्या. नजर आणखी कमी झाली, पण सावकाश. सकाळचा चहा शेवटपर्यंत त्यांनीच केला. घरात कधी पडल्या नाहीत.

पण त्यांची आठवण आली की मला ती सोसायटीची बैठक आठवते. आमचं घर रंगवून चारेक महिने झाले असतील. इमारतीचा जिना रंगवायचा होता. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरी म्हणाले, जिना, पायऱ्या, कठडा सगळं एकच राखाडी करू, मळखाऊ असतो, कुणाची हरकत नसेल तर ठराव करतो. कुणाची हरकत नव्हती. मी काही बोलणार एवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून माई उभ्या राहिल्या. मी त्यांना धरायला हात पुढं केला, तो त्यांनी हळूच बाजूला सारला.

"माझी आहे हरकत," त्या म्हणाल्या. "मला नीट दिसत नाही. डोळे गेलेत माझे, बरेचसे. सगळं राखाडी केलंत तर मला खाली उतरता यायचं नाही. पायऱ्यांच्या कडा पिवळ्या करा."

माझ्या माहितीनं घराबाहेर हे त्यांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि तिथं बसलेल्या निम्म्या बायका कधी ना कधी त्यांच्या दुकानातून मॅचिंग घेऊन गेल्या होत्या. माई तशाच उभ्या होत्या, हातानं पुढच्या खुर्चीची पाठ धरून.

मग मागून कुणीतरी खाकरलं. तिसऱ्या मजल्यावरचे नलवडे सर होते. रिटायर्ड मुख्याध्यापक, करारी माणूस, कुणाशी फारसं न बोलणारा.

"कराच तेवढं," ते म्हणाले. "मी दोनदा घसरलोय शेवटच्या पायरीवर. घरी सांगितलं नव्हतं."

त्यांच्या पत्नीनं चमकून त्यांच्याकडे बघितलं. तळमजल्यावरच्या कुलकर्णी काकू म्हणाल्या, "अहो, मला संध्याकाळी कठडाच सापडत नाही." आणखी कुणी काही बोललं, कुणी त्याला दुजोरा दिला. सेक्रेटरींनी वही सरसावली आणि विचारलं, "बरं, पिवळा कुठला?"

माई खाली बसल्या नाहीत. सगळे आपल्याकडे वळलेत हे त्यांना जाणवलं असावं. त्यांनी पदर नीट केला, मान तिरपी केली आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी उजेडात ठरवू. ज्यांना दिसत नाही त्यांनी सगळ्यांनी या."

दुसऱ्या दिवशी जिन्यात पाच जण आले होते.